तात्यांनी तपासलेला फ्लेक्स

थोरातकाका टीव्ही चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन आले आणि त्यांच्या पाठोपाठ काकूही आल्या. टीव्ही कुठं ठेवतात ते त्यांना बघायचं होतं.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," काका म्हणाले. "मॉनिटरचं काय ते झालं की परत."

"दोन दिवस म्हणजे बुधवार. बुधवारी साडेसातला मला लागणार आहे," काकू म्हणाल्या.

"लागेल तेव्हा आणू की."

काकूंनी टीव्हीचा एक कोपरा पदरानं पुसला आणि त्या गेल्या. तो टीव्ही पुढं दीड वर्ष दुकानात होता. मी सांगते ती गोष्ट त्याच्या पहिल्याच आठवड्यातली. तिला आता सात वर्षं झाली.

विट्यात मायणी रस्त्याला काकांचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि मी तिथं डिझाइन करायला होते. नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. आमच्याकडं वाढदिवस, निवड, उद्घाटन आणि श्रद्धांजली अशी कामं यायची. बहुतेक वेळा माणूस तोच असायचा आणि फोटोही तोच. वाढदिवसाला मागं फटाके टाकायचे, श्रद्धांजलीला समई. सोमवारी सकाळी मॉनिटर काळा पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनल गेलंय, नवा घ्या. काका म्हणाले, बघू. आणि घरचा त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन आले.

टीव्ही ही लांबून बघायची वस्तू आहे. मी त्याच्यापासून दोन फुटांवर बसायचे. एका कोपऱ्यातलं टूल घ्यायला मान डावीकडं न्यायची, दुसऱ्या कोपऱ्यातला रंग उचलायला उजवीकडं. पहिल्या दिवशी तर चारी कडा कापलेल्या दिसत होत्या, अक्षरं फाटल्यासारखी दिसत होती, आणि लाल रंग इतका भडक, की वारलेली माणसं नुकतीच रंगपंचमी खेळून आल्यासारखी वाटायची. माऊस हलवला की पडद्यावरचा बाण जरा विचार करून हलायचा. मी रिमोट घेऊन सगळी सेटिंगं चाचपली. शेवटी इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं, तेव्हा कुठं अक्षरं स्वच्छ झाली. आपण कॉम्प्युटरला जोडलेलो आहोत हे टीव्हीला कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच.

दुकान अरुंद होतं. टीव्ही मावत होता तो फक्त आतल्या भिंतीवर, तोंड रस्त्याकडं. म्हणजे मी रस्त्याला पाठ करून बसणार आणि मी काय करते ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. दोन दिवसांतच लोक थांबून बघायला लागले. चहावाला किटली हातात धरून सांगायचा, "ताई, साहेबांचा गॉगल काढा, ओळखू येईनात." काका खूश होते. म्हणाले, "मॉनिटर कशाला पाहिजे मग?"

बुधवारी दुपारी एक माणूस आला. पस्तिशीच्या आतला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, दाढी मात्र चार दिवसांची. जवळच्याच एका गावचा, द्राक्षाची बाग असलेला. नाव रणजित साळुंखे.

"वडिलांचं करायचंय," तो म्हणाला.

"वाढदिवस का?"

"नाही. दुसरं."

मी वही पुढं ओढली. "नाव सांगा. कधी वारले?"

"अजून नाही वारले."

मी पेन खाली ठेवलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सांगलीला दवाखान्यात आहेत. फुप्फुसं गेलीत. तीस वर्षं गलाईचा धंदा केला, ॲसिडचा धूर. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, दोन-तीन दिवस धरून चाला. उद्या आणतोय."

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली कितीतरी घरं त्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. त्यामुळं तेवढं मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मागं चुलते गेले तेव्हा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी दुपारी आला," तो पुढं म्हणाला. "आणि त्यात 'दुःखद निवड' असं आलं होतं. निधनाच्या जागी. सगळ्या भावकीनं वाचलं. तसं तात्यांचं व्हायला नको. म्हणून आधीच सगळं नीट करून ठेवा. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. माणूस व्यवस्थित होता. त्यानं फोटो पाठवला. लग्नातला फेटा बांधलेले, जाड मिशांचे, कॅमेऱ्याकडं जरा संशयानं बघणारे विष्णूतात्या. शोकाकुल म्हणून घालायची नावंही पाठवली. पत्नी, मुलगा, सून, नातवंडं, चुलते, पुतणे, शेवटी समस्त साळुंखे परिवार. मी त्याच्यासमोरच सगळं मांडलं. त्रेचाळीस इंचांवर तात्यांचं तोंड खऱ्या तोंडाहून मोठं दिसत होतं. रणजितनं एकेक नाव बोट लावून वाचलं, "बरोबर आहे," म्हणाला आणि वडिलांच्या तोंडाकडं न बघता बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चारच्या सुमारास त्याचा फोन आला. "ताई, एका मावसभावाचं नाव राहिलंय. तेवढं घालून ठेवा." मी फाइल उघडली. काका मिरजेला कागद आणायला गेले होते. दुकानात महादू शेळके नावाचे एकच गिऱ्हाईक होते. त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस होता आणि बैलाच्या नावाआधी 'मा.' लावायचं की 'श्री.' यावर त्यांचा विचार चालला होता. मी त्यांना म्हटलं, बसा, हे एवढं नाव घालते आणि तुमचं घेते.

नाव घातलं. कसं दिसतंय ते बघायला चित्र पूर्ण पडद्यावर आणलं. मागं कुणाची तरी धाप ऐकू आली. एखादा माणूस जिना चढून आल्यावर येते तशी. पण दुकानाला जिना नव्हता.

"ह्यो मीच न्हवं?"

मी वळले. दारात फेटा नसलेले, मिशा खाली आलेले, गळ्याची हाडं वर आलेले विष्णूतात्या उभे होते. एका ड्रायव्हरनं त्यांचा दंड धरला होता. मागं रस्त्याला त्यांची गाडी उभी होती. रणजित समोरच्या औषधांच्या दुकानात गेला होता आणि तिथं जागा नव्हती, म्हणून गाडी आमच्या दारात लावली होती. तात्या मागच्या सीटवर आडवे होते. काचेतून त्यांना स्वतःचा फोटो दिसला होता.

"मी नको म्हणत होतो," ड्रायव्हर मला म्हणाला. "ऐकत नाहीत."

चित्र घालवायला माऊसचं एक बटण पुरलं असतं. पण माझा हात रिमोटवर गेला. टीव्ही बंद करायच्या नादात मी भलतंच बटण दाबलं आणि चित्र मोठं झालं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं वर निघून गेली, समया दोन्ही बाजूंना गेल्या आणि पडद्यावर नुसतं तात्यांचं नाक आणि मिशा उरल्या.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "होतं तसं कर. वाचू दे मला."

शेळके उठून उभे राहिले आणि त्यांनी आपलं स्टूल पुढं केलं. तात्या बसले. श्वास जमेपर्यंत गुडघ्यांवर हात टेकून राहिले. मी चित्र होतं तसं केलं. करायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्याचं नाव आहे तोच म्हणतोय वाचू दे, तर त्याला नाही कसं म्हणायचं?

"मोबाइलवर मला काय दिसत न्हाय," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय. हे झ्याक दिसतंय. टीव्हीच हाय न्हवं ह्यो?"

"हो. मॉनिटर बिघडलाय."

"हं." त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी अक्षरं मोठी करून एकेक ओळ खाली सरकवत होते. "जन्म एक्कावन्न न्हाय, बावन्न. शाळंत मास्तरनं चुकीचा घातला."

मी बदललं.

"'प्रेमळ, मनमिळाऊ.' ह्ये कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सगळ्यांना तेच घालतो."

"माझं काढ. मी मनमिळाऊ न्हवतो."

"मग काय लिहू?"

तात्यांनी विचार केला. शेळकेही विचार करत होते.

"'गलाई व्यावसायिक, मदुराई' असं लिही. त्ये खरं हाय."

मी लिहिलं. मग शोकाकुल नावं आली. ती त्यांनी फार हळू वाचली. बायकोच्या नावापाशी थांबले, मग मुलगा, सून, मग पुढं. मावसभावाचं नाव आलं तेव्हा म्हणाले, "ह्यो कशाला शोक करतोय? बरं, ऱ्हाऊ दे." शेवटची ओळ झाली. तात्यांनी मला पुन्हा वर जायला सांगितलं, आणि पुन्हा खाली.

"एक नाव राहिलंय," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"रणजितच्या नावाखाली लिही. उज्ज्वला."

मी 'उज्वला' असं टंकलं. "पुढं?"

"उज्ज्वला मुरुगेशन."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मु, रु, गे, शन. "मुलगी आणि जावई. दोघांची घाल."

शेळके हळूच म्हणाले, "मद्रासी?"

"मदुराईचा. आमच्या दुकानासमोर त्याच्या बापाचं भांड्यांचं दुकान हुतं." तात्यांनी श्वास घेतला. "अकरा वर्षं झाली. तिनं त्याच्याशी लगीन केलं, मी धंदा मोडून गावाकडं आलो. घरात सांगितलं, आजपास्नं ती मेली. तिचं नाव कुणी काढायचं न्हाय."

तेवढ्यात रणजित औषधांची पिशवी घेऊन आला. आधी त्यानं मोकळी गाडी बघितली, मग दुकानात बघितलं. ड्रायव्हरला काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर पडद्यावर गेली. सगळ्यांच्या मध्ये, वीतभर उंचीच्या अक्षरांत, ते नाव होतं.

"हे कुणी घातलं?"

"मी सांगितलं," तात्या म्हणाले.

"ताई, काढा ते."

"ऱ्हाऊ दे."

"तात्या, तुम्हाला गोळ्यांची गुंगी आहे. दवाखान्यात परवा तुम्ही मला माझंच नाव विचारत होता. उद्या शुद्धीवर आलात की मलाच म्हणाल, कुणी टाकलं हे? भावकीला मी काय सांगू? तुम्हीच म्हणाला होता ती मेली."

"म्हणालो हुतो की," तात्या म्हणाले. त्यांनी पडद्याकडं हात केला. "आता हितं कोण मेलंय ते बघ."

 रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो पुढं जाईपर्यंत बोलणं ऐकू आलं नसतं.

ट्रॅक्टर गेल्यावर रणजित मला म्हणाला, "ताई, ऑर्डर माझी आहे. मी सांगतोय ते करा. काढा."

खरं तर त्याचं बरोबर होतं. काकांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. नोकरी मला हवी होती. पण आदल्या वर्षी माझे वडील वारले तेव्हा माझ्या चुलत्यांनी फ्लेक्स केला होता. त्यावर माझ्या चुलत भावांची नावं होती, गावच्या सोसायटीच्या चेअरमनचं होतं. आम्हा तिघी बहिणींची नव्हती. आईचंही नव्हतं. 'समस्त माने परिवार' यात तुम्ही आलात की, असं चुलते म्हणाले होते. तो फ्लेक्स महिनाभर आमच्या दारासमोर होता. मी रोज त्याच्याखालून जायचे.

मी खुर्चीवरून उठले आणि माऊस रणजितच्या बाजूला सरकवला.

"दादा, तुम्हीच काढा. नावावर क्लिक करायचं आणि डिलीट दाबायचं."

त्याला ते अपेक्षित नव्हतं. तो खुर्चीत बसला. त्यानं माऊस धरला. पडद्यावरचा बाण हातभर उडाला, समईवर गेला, तात्यांच्या फेट्यावर गेला, मग हळूहळू नावाकडं यायला लागला. छोट्या पडद्यावर कुणाचा हात कचरतो ते कळत नाही. या पडद्यावर ते रस्त्यापलीकडूनही कळलं असतं. बाण नावावर आला. त्यानं क्लिक केलं. नावाभोवती आठ काळे चौकोन उमटले.

आम्ही सगळे बघत होतो. तात्याही बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

रणजितचं बोट डिलीटवर होतं. त्यानं मान पुढं करून नाव पुन्हा वाचलं.

"स्पेलिंग चुकलंय," तो म्हणाला.

"काय?"

"उज्ज्वलामध्ये दोन ज असतात. एक लिहिला की ती चिडते."

मी वाकून अक्षर दुरुस्त करायला लागले. तात्या मात्र पडद्याकडं नाही, मुलाकडं बघत होते.

"चिडते?" ते म्हणाले. "चिडायची म्हण की."

रणजितनं माऊस सोडला आणि तो उठला.

"रणजित. तुला काय म्हाईत ती आता चिडते का न्हाय?"

रणजितनं पिशवी काउंटरवर ठेवली. "फोन असतो तिचा," तो म्हणाला. "महिन्यातनं एकदा. चार वर्षं झाली. बागेत मोटारीच्या खोलीत जाऊन बोलतो. मोटार चालू ठेवून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये." आणि मग त्याचा आवाज एकदम चढला. "तुम्ही म्हणाला होता म्हणून! पस्तिशीला आलो मी, आणि सख्ख्या बहिणीशी चोरासारखा बोलतोय. तिची मुलगी मला मामा म्हणते, मी तिला अजून बघितलेली नाही. आणि आज तुम्ही गाडीतनं उतरता आणि दोन मिनिटांत नाव टाकून मोकळे होता?"

तात्यांनी मान खाली घातली. मला वाटलं त्यांना धाप लागली. पण ते विचार करत होते.

"मुलगी हाय तिला?"

"आहे. आठ वर्षांची."

"नंबर हाय का?"

रणजितनं नंबर सांगितला. खिशातून फोन न काढता, दहाच्या दहा आकडे एका दमात.  शेळके म्हणाले, "तुमचं हे होऊ द्या. माझं बैलाचं उद्या केलं तरी चालंल." पण ते गेले मात्र नाहीत.

रणजितनं फोन लावला, व्हिडिओ कॉल. तात्यांसमोर धरला. तात्यांनी डोळे बारीक केले, फोन जवळ घेतला, लांब नेला.

"दिसत न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा." फोनवरचं टीव्हीवर आणता येतं, ते मी तोवर शिकले होते. रणजितचा फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी दाबलं. पडद्यावरून श्रद्धांजली गेली. आधी एक पंखा दिसला, मग कॅलेंडर लावलेली हिरवी भिंत, आणि मग एका बाईचा चेहरा. चष्मा, केसांत मोगऱ्याचा गजरा, कपाळावर भस्माची बारीक रेघ. नाक थेट तात्यांचं.

"रणजित, आत्ता कसा केलास रे? मी गॅसपाशी..." ती म्हणाली आणि थांबली. फोन मी तात्यांच्या समोर धरला होता. तिला ते दिसले असणार.

 तात्यांची धाप तेवढी ऐकू येत होती, आणि तिच्याकडची कुकरची शिट्टी.

"चष्मा कधी लागला?" तात्यांनी विचारलं.

"झाली पाच वर्षं."

"हं."

"तात्या, तुम्ही कुठं आहात? दवाखाना नाही हा."

"फ्लेक्सच्या दुकानात."

"कशाला?"

"जरा काम हुतं."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मराठी ती स्वच्छ बोलत होती, फक्त वाक्याचा शेवट जरा वर न्यायची.

"तात्या, मी येऊ?"

"ये की."

"कधी?"

तात्यांनी रणजितकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बघ आता," ते म्हणाले. "हिकडची तयारी सगळी झालीया."

रणजित वळून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. शेळके त्यांच्या रुमालात नाक शिंकरत होते. माझा हात फोन धरून अवघडला होता, पण मी तो हलवला नाही.

काका आले तोवर गाडी गेली होती. सगळी हकीकत त्यांना चहावाल्याकडून आधीच कळली होती. ते माझ्यावर ओरडले. जिवंत माणसाला त्याची श्रद्धांजली दाखवतात का, दुकानाचं नाव काय होईल, वगैरे. मी ऐकून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं. मग त्यांनी टीव्हीचं तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण तो दुसरीकडं मावत नव्हता. शेवटी दाराला पडदा लावला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-तीन दिवसांचे सोळा दिवस झाले. शेळके अधूनमधून बातमी आणायचे. मुलगी दुसऱ्याच दिवशी आली, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. पहिले दोन दिवस भावकीतलं कुणी घरात आलं नाही, मग उत्सुकतेपोटी सगळेच आले. जावई तात्यांच्या पाठीला उशा लावून बसवतो आणि दोघं तमिळमध्ये बोलतात. काय बोलतात ते घरातल्या मोठ्यांत उज्ज्वला आणि रणजितशिवाय कुणाला कळत नाही, आणि ती दोघं सांगत नाहीत.

सतराव्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा रणजित पायरीवर बसला होता. मला काही विचारावं लागलं नाही. मी फाइल उघडली, तारीख घातली. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून वाचलं. जन्म बावन्न. गलाई व्यावसायिक, मदुराई. मावसभावसुद्धा.

"काही बदल?" मी विचारलं.

"एकच. उज्ज्वलाचं नाव माझ्या वर घ्या."

"वर?"

"हो. ती मोठी आहे."

मी नाव उचललं आणि वर ठेवलं. त्याचं एक ओळ खाली गेलं. तो म्हणाला, "आता छापा," आणि मशीन चालू असताना तिथंच उभा राहिला. ओला फ्लेक्स वाळेपर्यंत थांबला आणि स्वतःच्या हातानं गुंडाळून घेऊन गेला.

दहावा झाल्यावर उज्ज्वला दुकानात आली. पडद्यावर दिसली होती त्याहून बुटकी होती. मुलगी तिच्या मागं लपून टीव्हीकडं बघत होती.

"ती फाइल मला द्याल?" तिनं विचारलं. "तिकडं छापून घेते. आमच्याकडं पण लावतात, रस्त्यावर. खाली तमिळमध्ये एक ओळ घालायची आहे."

"मला तमिळ येत नाही."

"तुम्ही नुसती जागा सोडा. ओळ मी तिकडं घालून घेते."

मी सगळं थोडं वर सरकवून खाली चार बोटं जागा सोडली आणि फाइल तिच्या फोनवर पाठवली.  जाताना तिनं पडद्यावरच्या आपल्या नावातल्या दोन ज वरून बोट फिरवलं. टीव्हीवर बोटाचा ठसा उमटला.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. फोटो होता. एका गजबजलेल्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर, फेटा बांधलेले तात्या. रस्त्याच्या पलीकडं, म्हणजे त्यांचं दुकान होतं त्या बाजूला, संशयानं बघत असलेले. वर माझी मराठी अक्षरं, खाली तमिळची एक जाड ओळ. फोटोत दोन म्हातारे हात मागं बांधून वाचत होते.

मी तिला विचारलं, खाली काय लिहिलंय?

तिनं मराठीत लिहून पाठवलं, "उज्ज्वलाचे वडील."